ओपीडीत गेल्यावर आधी सिस्टरले सांगा, मग डॉक्टरले

आईले बीपी अन् शुगर दोन्ही, त्यामुळं महिन्यातून एक चक्कर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेलीच. तिथं बसून बसून पाहिलं की आपण सगळे डॉक्टरच्या दाराकडं डोळे लावून बसतो, अन् बाहेर टेबल टाकून बसलेल्या सिस्टरले नुसती नंबर लावणारी बाई समजतो. डॉक्टरसमोर दोन मिनिटं भेटतात हो, मागं अख्खी लाईन उभी असते. म्हणून काय दुखते, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहे, कोणत्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं, हे सगळं सिस्टरच्या टेबलावरच सांगून टाका. ती चिठ्ठीवर लिहिते अन् डॉक्टर आत तेच वाचते.

केसपेपरचे पैसे लागत नाही, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात तपासणी-उपचार फुकट आहे. पण जुनी चिठ्ठी न्या, अन् गोळ्यांची रिकामी पाकिटं थैलीत टाकून न्या. "ती पांढरी गोळी" म्हटल्यानं कोणालेच काही समजत नाही, अर्ध्या गोळ्या पांढऱ्याच असतात.

आता बीपीचं. मागं एकदा एसटीतून उतरून आईले तशीच धावत नेलं, लाईनीत घुसवलं, सिस्टरनं पट्टा बांधला तर 168. मी घाबरलो. सिस्टर म्हणे, "आजी, तोंडात काय हाय?" खर्रा! गालात दाबून बसली होती माय माझी. बाहेर थुंकून, चूळ भरून ये म्हणे, अन् अर्धा तास बाकावर गप बस. मग घेतलं तर 146. तंबाखूनं बीपी वर जाते, चहानंही जाते, धावपळीनं तर जातेच. तेव्हा खर्रा, बिडी, चहा मोजायच्या आधी अर्धा तास बंद, लघवीले जाऊन या, पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर. अन् पट्टा फुगून राहिला तेव्हा सिस्टरशी गोष्टी करू नका, बोलल्यानंही आकडा चढते.

उपाशीपोटीची शुगर असली तर रात्रीपासून आठ तास काही नाही, पाणी चालते, बिनासाखरेचा चहा चालत नाही (आमचे काका दर वेळी हेच करते). त्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची का, शुगरची कधी घ्यायची, हे मागच्या चकरेलाच सिस्टरले विचारून ठेवा. शुगरची गोळी उपाशी घेऊन एसटीत चक्कर येऊन पडलेले लोक आहे.

काही गोष्टीत नंबर लावायचाच नाही, सरळ सिस्टरजवळ जाऊन मोठ्यानं सांगायचं: साप चावला, फवारणीचं औषध लागलं, छातीत दुखून राहिलं, दम लागला, गरोदर बाईले रक्त जाऊन राहिलं, लेकरू मान टाकून राहिलं. फवारणीचं असलं तर औषधाचा डबा सोबत न्या, त्यावरच्या नावावरून उपचार ठरते.

सापाच्या केसमध्ये सिस्टर रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवते. लोक तिथं भांडतात, "पेशंट मरून राहिला अन् तुम्ही नळी पाहून राहिल्या!" अरे बाबा, वीस मिनिटांत रक्त गोठलं नाही म्हणजे विष चढलं, हेच ती पाहून राहिली. हात लावू नका त्या नळीले.

कुत्रा चावला तर घरीच वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा, मिरची-चुना भरू नका, मग जा. दंडातल्या कातडीत देतात ती लस असली तर पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, मग 3, 7 अन् 28 वा दिवस. तारखा सिस्टर कार्डावर लिहून देते, अन् कुत्रं मेलं नाही म्हणून पुढचे डोस सोडायचे की नाही ते घरच्या घरी ठरवू नका.

"एक सुई तं मारा न मॅडम" हे जरा कमी करा. सुई अन् गोळी बदलणं सिस्टरच्या हातात नसते, ते डॉक्टर लिहिते. तिच्या मागं लागून उपयोग नाही, उलट ज्या कामासाठी ती आहे ते राहून जाते.

ते काम म्हणजे समजावून सांगणं. औषध घेतलं की खिडकीवरून तसेच एसटीकडं पळू नका, वापस सिस्टरजवळ जा अन् गोळ्या टेबलावर ठेवा. आईले वाचता येत नाही, तर आमच्या सिस्टरनं पाकिटावर पेनानं सकाळच्या गोळीले सूर्य काढून दिला अन् रात्रीच्या गोळीले चांद, तेव्हापासून आईची एक गोळी चुकली नाही. पेन मात्र घरूनच न्या, तिथला कोणी ना कोणी नेलेलाच असते.