पीएच टेस्टची नळी लावून घरी जाताय? मग एवढं करा

पीएच टेस्टसाठी, म्हणजे पोटातलं ॲसिड अन्ननलिकेत किती वर येतं ते चोवीस तास मोजण्यासाठी, नाकातून नळी घालायचं काम मी करते. नळी जाताना डोळ्यांत पाणी येतं, मळमळतं. हनुवटी छातीकडे झुकवून घोट घोट पाणी गिळत राहिलात, की ती बऱ्यापैकी सहज उतरते. पण पुढच्या चोवीस तासांत जी गडबड होते ती नळीमुळे नाही, पेशंटमुळे.

‘एन्डोस्कोपी नॉर्मल आली, मग हे कशाला?’ असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या जखमा दिसतात, ॲसिड किती वेळा वर येतं ते दिसत नाही. आणि जळजळीची तक्रार असलेल्या बहुतेकांना जखमा नसतातच. गिळताना अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी किंवा शौचाला काळं होणं असेल तर मात्र एन्डोस्कोपी आधी आणि लवकर.

रिफ्लक्सचा, म्हणजे ॲसिड वर येण्याचा, आजार अजून सिद्ध झालेला नसेल तर ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवायला सांगतात. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. या बंद काळाचाच अभ्यास करून २०१६ साली एक गमतीची गोष्ट पुढे आली: गोळ्या थांबवलेल्या १२ जणांच्या अन्ननलिकेत सूज सुरू झाली ती वरच्या थरापासून नव्हे, आतल्या थरांपासून. म्हणजे ॲसिड कातडी भाजतं एवढाच हा प्रकार नसावा. शरीराच्या स्वतःच्या पेशीही सूज आणत असाव्यात. अभ्यास छोटा आहे, पण मला पटतो.

आता मुख्य मुद्दा. नळी लागली की माणसं एकदम शहाण्यासारखी वागू लागतात. दोन घास खातात, दिवसभर ताठ बसून राहतात. असं करू नका! अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू गिळताना सैल पडतो, ते ठीकच. पण गिळत नसतानाही तो मधूनच काही सेकंद सैल पडतो आणि बराचसा रिफ्लक्स तेव्हाच होतो. पोट जेवणाने ताणलं की हे प्रमाण वाढतं. तुम्ही जेवलाच नाहीत तर मशीन पकडणार काय? ज्याने त्रास होतो तेच खा, रोजच्या वेळेला आडवे व्हा. फक्त नळीला जोडलेला, नोंद घेणारा रेकॉर्डर भिजवू नका.

रेकॉर्डरवरची बटणं नीट वापरा. जळजळ सुरू होताक्षणी दाबा, पाच मिनिटांनी आठवण झाल्यावर नको. सॉफ्टवेअर त्रासाच्या आधीची दोनच मिनिटं तपासतं. तेवढ्यात ॲसिड वर आलं असेल तरच दोघांचा संबंध जुळतो. खोकल्याचं बटण वेगळं, जळजळीचं वेगळं. आडवे होताना आणि उठताना दाबायला लोक हमखास विसरतात. म्हणून वहीतही वेळ लिहा, आणि ती रेकॉर्डरच्या घड्याळाची लिहा, मोबाइलची नको.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा एक टक्केवारी बघा: अन्ननलिकेतला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं ॲसिड जास्त) ४ च्या खाली एकूण किती वेळ होता. लिऑन कॉन्सेन्सस या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे चोवीस तासांत सुमारे ८६ मिनिटांहून जास्त, असेल तर रिफ्लक्स पक्का. ४ टक्क्यांच्या खाली नॉर्मल. मधल्या पट्ट्यात असाल तर बाकीचे पुरावे बघावे लागतात. कधी एकच दिवस अपुरा पडतो, तेव्हा अन्ननलिकेत चिकटवायची कॅप्सूल चार दिवस नोंद घेते आणि पुढे आपोआप गळून जाते.

टक्केवारी नॉर्मल, तरी जळजळ आहेच? मग बटणांचा हिशेब बघा. त्रास रिफ्लक्सच्या वेळीच होत असेल तर अन्ननलिका जास्त संवेदनशील आहे. संबंधच जुळत नसेल तर ती फंक्शनल जळजळ. ‘मनाचे खेळ’ म्हणून ती कोणी उडवून लावली तर ऐकू नका, त्रास खराच असतो. फक्त ॲसिडच्या गोळीचा डोस वाढवत नेऊन तो जात नाही. उपचाराची दिशाच बदलावी लागते. तो रिपोर्ट आणि वही दोन्ही घेऊनच डॉक्टरांकडे जा.