घिड्रात मेमरी ब्लॉकच्या परमिशन कशा बदलायच्या (एसटीएम३२ फर्मवेअर घेऊन)

मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्राम) पहिल्यांदा घिड्रात, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून बघायच्या टूलमध्ये, उघडलं की बऱ्याच जणांचं एकच होतं, डिकंपायलरमध्ये (मशीन कोडवरून सी कोड बनवून दाखवणारा भाग) जिथं तिथं डॅट_०८०००२४० असली नावं दिसतात, खरा आकडा किंवा खरा पत्ता कुठंच दिसत नाही, आणि मग वाटतं डम्पच (चिपमधून वाचून काढलेली फाइल) खराब आलाय. मी पण दोन-तीनदा परत डम्प काढला होता. डम्प बहुतेक वेळा चांगला असतो, गडबड मेमरी ब्लॉकच्या, म्हणजे पत्त्यांच्या एका सलग पट्ट्याच्या, परमिशनमध्ये असते आणि ती दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. घिड्रात तुम्ही रीड, राइट, एक्झिक्युटचे टिक बदलता तेव्हा चिपमध्ये किंवा मूळ फाइलमध्ये काहीही बदलत नाही. तो टिक म्हणजे डिकंपायलरला दिलेली माहिती आहे, की बाबा ही जागा बदलू शकते किंवा ही कधीच बदलत नाही. चालू प्रोग्रामच्या पेजची परमिशन खरोखर बदलायची असेल तर ते डीबगरचं काम, म्हणजे विंडोजवर एक्स६४डीबीजीच्या मेमरी मॅपमध्ये राइट क्लिक करून पेजचे हक्क बदलतात. इथं आपण ते करत नाहीये.

उदाहरणाला एसटीएम३२एफ१०३ घेऊ, ब्लू पिल बोर्डवरची चिप, बऱ्याच जणांकडे पडलेली असते. डम्प स्वतःच्या बोर्डचा घ्या किंवा ज्याची परवानगी आहे त्याचा. खालचे सगळे पत्ते आणि लांबी हेक्समध्ये आहेत.

फाइल इंपोर्ट करताना फॉरमॅट रॉ बायनरी, लँग्वेज एआरएम कॉर्टेक्स लिटल एंडियन, आणि ऑप्शन्समध्ये बेस ॲड्रेस ०८००००००, कारण या चिपची फ्लॅश तिथून सुरू होते. ॲनालाइज करू का विचारेल तेव्हा नाही म्हणा, आधी नकाशा नीट करायचा. पहिले चार बाइट बघा, २० केबी रॅमवाल्या चिपमध्ये तिथं साधारण २०००५००० च्या आसपासचा किंवा त्याहून कमी पत्ता असतो, तो स्टॅकचा (फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीची जागा). त्याच्या पुढचे चार बाइट रिसेट हँडलरचे (चिप चालू झाल्यावर पहिल्यांदा चालणारा कोड) आणि तो आकडा विषम असतो कारण थंब मोड (एआरएमच्या छोट्या सूचना), वाढीव एक ही त्याची नुसती खूण. हे दोन्ही जुळलं तर बेस ॲड्रेस बरोबर आहे समजा.

आता विंडो मेनूतून मेमरी मॅप उघडा. रॉ बायनरी असल्यामुळे एकच ब्लॉक दिसेल आणि त्याला तिन्ही टिक असतील. यातला राइटचा, म्हणजे डब्ल्यूचा टिक काढा. एवढंच. पण याने फरक खूप पडतो, कारण एआरएमचा कंपायलर मोठे आकडे फंक्शनच्या शेवटी फ्लॅशमध्येच ठेवतो आणि कोड तिथून उचलतो. ब्लॉकला राइट असेल तर डिकंपायलर म्हणतो ही किंमत कधीही बदलेल, मी नुसतं नाव दाखवतो. राइट काढलं की तो तिथला आकडा सरळ वाचून वापरतो आणि डॅटच्या जागी पेरिफेरलचे (टायमर, पोर्ट असे चिपमधले भाग) पत्ते दिसायला लागतात.

इथंच थांबू नका, अर्धवट केलं तर उलट जास्त फसाल. त्याच मेमरी मॅपमध्ये अधिकच्या बटणाने रॅमचा ब्लॉक करा, सुरुवात २०००००००, लांबी ५०००, रीड-राइट, अनइनिशियलाइज्ड (सुरुवातीची किंमत नसलेला). मग पेरिफेरलचा, सुरुवात ४०००००००, लांबी ३००००, रीड-राइट आणि व्होलाटाइलचा टिक (म्हणजे इथलं प्रत्येक वाचणं-लिहिणं महत्त्वाचं, काही गाळू नको) नक्की. ई००००००० पासून १००००० लांबीचा कॉर्टेक्सचा, म्हणजे चिपमधल्या प्रोसेसरचा, स्वतःचा भाग आहे, तोही तसाच व्होलाटाइल.

व्होलाटाइल का, ते फ्लॅश अनलॉकच्या कोडमध्ये फार स्वच्छ कळतं. या चिपमध्ये फ्लॅशवर लिहायच्या आधी ४००२२००४ या एकाच पत्त्यावर लागोपाठ दोन चाव्या लिहाव्या लागतात, पहिली ४५६७०१२३ आणि दुसरी सीडीईएफ८९एबी. आता पत्ता माहीत झालाय पण व्होलाटाइल नाहीये, तर डिकंपायलर बघतो की एकाच जागी दोनदा लिहिलं, मधे कुणी वाचलं नाही, म्हणजे पहिलं लिहिणं वाया, आणि पहिली चावी गाळून टाकतो. असेंब्लीत (मूळ मशीन सूचनांत) दोन्ही असतात, सी कोडमध्ये एकच. मी एक अख्खी संध्याकाळ ही एक चावी शोधत होतो!

सगळे ब्लॉक झाले की ०८०००००४ वरचा पत्ता घ्या, त्यातून एक वजा करा, तिथं जाऊन डी दाबा (तिथून कोड उलगडतो), मग ए दाबून ऑटो ॲनालिसिस चालवा. राइट काढूनही डॅट तसेच दिसले तर टूल ऑप्शन्समध्ये डिकंपायलरच्या ॲनालिसिस भागात रीडओन्ली फ्लॅग पाळायची सेटिंग चालू आहे का बघा, मुळात ती चालूच असते.

काही लोक ईएलएफ (लिनक्सवगैरेची प्रोग्राम फाइल) किंवा विंडोजच्या फाइलमध्ये अख्ख्या डॉट डेटा सेक्शनचं (व्हेरिएबल ठेवायचा भाग) राइट काढतात, म्हणजे स्ट्रिंग छान दिसतात. मला ते पटत नाही. तिथं खरे बदलणारे व्हेरिएबल पण असतात, डिकंपायलर त्यांची सुरुवातीची किंमत कायमची धरतो आणि इफच्या अख्ख्या फांद्या उडवतो, वर 'रिमूव्हिंग अनरीचेबल ब्लॉक' अशी वॉर्निंग येते. ती दिसली की आधी परमिशनच तपासा. एखादाच पॉइंटर किंवा टेबल पक्कं करायचं असेल तर लिस्टिंगमध्ये (असेंब्ली दिसते ती विंडो) त्या डेटावर राइट क्लिक, डेटा, सेटिंग्ज, आणि म्युटॅबिलिटीमध्ये कॉन्स्टंट निवडा, बाकीचा सेक्शन आहे तसा राहतो.