संत्र्याच्या बागेत बोरू कापा, पण गाडू नका

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागेत दोन ओळींमधल्या पट्ट्यात पहिल्या चांगल्या पावसावर बोरू (ताग, हिरवळीच्या खताचं पीक) पेरा. पेरलेल्या जागेला एकरी 20 ते 25 किलो बियाणे धरा. फूल दिसू लागलं, साधारण 45 दिवसांनी, की कापून जागीच पसरा. रोटाव्हेटर फिरवून मातीत गाडणं नकोच! त्याने मातीतल्या पोकळ्या मोडतात, आणि किडी खाणारे कोळी-भुंगेरे, कुजका पाला खाणारे बारीक स्प्रिंगटेल यांचा निवाराच जातो. आच्छादन खोडापासून दोन-तीन फूट लांब ठेवा, नाहीतर ओल धरून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बळावतो. एक धोका खरा आहे: आच्छादनात वाणी (पुष्कळ पायांची, वेटोळं करणारी कीड) वाढते आणि कोवळी रोपं कुरतडते. पुढच्या मृगात शेजारची कपाशी उगवताना संध्याकाळी ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा, सकाळी खाली जमलेली वाणी वेचून साबणाच्या पाण्यात टाका.