लॅमिनेट फ्लोअरिंग घालायची तयारी, आणि त्या दहा मिलिमीटरचं काय झालं

मागच्या एप्रिलमध्ये ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या एका खोलीत आम्ही नवराबायकोनी स्वतःच्या हातांनी लॅमिनेट घातलं. तीन महिने ज्याला त्याला खोलीत नेऊन दाखवलं. जुलैत खोलीच्या मधोमध दोन ओळी फुगून वर आल्या. पाय दिला की टप्प करून खाली बसायच्या, पाय उचलला की पुन्हा वर. शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फरशीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, थेट भिंतीपाशी उकिडवे बसले, स्कर्टिंगची पट्टी ओढून काढली आणि म्हणाले, "ताई, फळ्यांना हलायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

आता दुसऱ्या खोलीचं काम काढायचं आहे, म्हणून ही यादी. मुख्यतः माझ्यासाठीच, पण कुणाला उपयोगी पडली तर घ्या. सुरुवातीलाच सांगून टाकते: भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडायची. चारी बाजूंनी. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येईल, कंटाळा आला तरी वाचा.

खरेदीपासून सुरू करू. दुकानात सगळ्यालाच 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात, त्यामुळे आपण नक्की काय घेतोय ते विचारा. लॅमिनेट म्हणजे आत एचडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, आणि वर लाकडाचं चित्र छापलेला कागद व त्यावर टणक थर. एसपीसी हा वेगळा प्रकार. त्यात दगडाची पूड आणि प्लास्टिक असतं, पाण्याने तो फारसा फुगत नाही. लॅमिनेट फुगतं. ते लाकूडच आहे, हवेतली ओल पितं. एप्रिलमधली हवा आणि जुलैतली हवा यांत केवढा फरक असतो ते ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मिठाच्या बरणीला विचारा.

जाडी ८ मिमी पुरते. घासण्याच्या टिकाऊपणासाठी खोक्यावर एसी३, एसी४ असं लिहिलेलं असतं. झोपायच्या खोलीला एसी३ चालतं, बाहेरच्या खोलीला एसी४ घ्या. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात लॅमिनेट नकोच, दुकानदाराने कितीही समजावलं तरी. खोलीच्या क्षेत्रफळावर दहा टक्के जास्त माल घ्या. आमची खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट. आम्ही १३२ च्या हिशेबाने घेतला आणि शेवटी पाच तुकडे उरले. सगळा माल एकदम आणि एकाच बॅचचा घ्या. नंतर आणलेलं खोकं रंगाने थोडं वेगळं निघतं, आणि ते फक्त बायकांनाच दिसतं असं आमच्याकडे म्हणतात.

खोकी आली की ज्या खोलीत काम करायचंय त्याच खोलीत, आडवी, न उघडता, ४८ तास ठेवायची. गॅलरीत नाही, जिन्याखाली तर नाहीच. फळ्यांना त्या खोलीच्या हवेची सवय होऊ द्यायची. हे मी केलं होतं, त्याबद्दल अजून कुणी शाबासकी दिलेली नाही.

खालची फरशी. बहुतेकांकडे व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, त्या उखडायची गरज नाही, लॅमिनेट वरच घालतात. फक्त नाण्याने ठोकून बघा. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथली टाइल आधी पक्की करून घ्या, नाहीतर वरून चालताना कायम आवाज येत राहील. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी खोलीभर फिरवा. पट्टीखाली कुठे ३ मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसली तर तो खड्डा भरून घ्यायला हवा. टाइल्समधले सांधे भरत बसू नका, ते फोमखाली, म्हणजे फळ्यांच्या खाली अंथरायच्या पातळ थराखाली, जातात.

ओल. तळमजला असेल, किंवा पलीकडे न्हाणीघराची भिंत असेल, तर दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारी कडांना टेप लावून जमिनीवर चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळपट दिसली तर काम थांबवा. आधी गळती, मग हौस.

दार. नवी जमीन ८ मिमी फळी आणि २-३ मिमी फोम एवढी वर येणार, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर. काम सुरू करण्याआधी फळीचा एक तुकडा फोमवर ठेवून दार त्यावरून फिरवून बघा. घासत असेल तर दार काढून खालून रंधा मारून घ्यायचा. सुताराला आधी सांगून ठेवा, ऐन दिवशी बोलावलं तर तो येत नाही. दाराची चौकट लाकडी असेल तर तिचा पाय खालून तेवढाच कापायचा. फळीचा तुकडा फोमवर आडवा ठेवायचा, त्यावर करवत टेकवून कापायचं, म्हणजे फळी चौकटीखाली सरकते. आणि सरकली तरी आत भिंतीला टेकता कामा नये. चौकटीखालीसुद्धा फट. मी तिथे हातोडीने ठोकून ठोकून घट्ट बसवली होती, किती सुबक दिसतंय म्हणून फोटोही काढला होता. चौकट ग्रॅनाइटची असेल तर कापता येत नाही, तिच्याभोवती फळी कापा आणि मध्ये फट ठेवा, मग त्यात सिलिकॉन भरा. सिलिकॉन रबरासारखं दबतं, म्हणून ते चालतं. पांढरं सिमेंट चालत नाही. गॅलरीच्या सरकत्या दाराच्या चॅनेलपाशी आमच्या घरातल्या एका व्यक्तीने फट उघडी बरी दिसत नाही म्हणून पांढरं सिमेंट भरलं होतं. नाव घेत नाही, घरात एकूण दोनच मोठी माणसं आहेत.

हत्यारं: टेप, पेन्सिल, गुण्या, करवत किंवा जिगसॉ, रबरी हातोडी. फळी ठोकायला लाकडी ठोकळा, कारण हातोडी थेट फळीच्या कडेच्या खाचेवर मारली की खाच मोडते आणि ती फळी गेली. शेवटच्या ओळीसाठी झेडच्या आकाराची लोखंडी पट्टी, ही विकत घ्याच, भिंतीपाशी हातोडी फिरवायला जागा नसते. गुडघ्याखाली घ्यायला जुनी गोधडी. जिगसॉने कापताना फळीची चांगली बाजू खाली, हाताच्या करवतीने कापताना वर, नाहीतर कडेचे टवके उडतात. सोसायटीत दुपारी आवाज चालत नसेल तर ती वेळ मोजमापाला ठेवा.

आणि स्पेसर. म्हणजे भिंत आणि फळी यांच्यामध्ये खोचायचे तुकडे. तयार प्लास्टिकचे मिळतात, नाहीतर सुताराकडून ९ मिमी प्लायचे तीस-चाळीस तुकडे कापून घ्या. तीस-चाळीस म्हणतेय, दहा नाही. आमच्याकडे बारा होते. पुढे सरकताना मागचे काढून पुढे लावत गेलो आणि शेवटच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा एकही हाताशी नव्हता. सगळे कुठे गेले होते देव जाणे, त्यातले दोन दिवाळीच्या साफसफाईत सापडले. चारी भिंतींना पुरतील एवढे हवेत आणि पुरतील एवढे लावा.

आता मोजमाप, आणि इथेच मी माती खाल्ली, म्हणून आकडे देते. खोलीची रुंदी दहा फूट, म्हणजे ३०५० मिमी. दोन्ही बाजूंची दहा-दहा मिमी फट वजा केली की ३०३०. आमची फळी १९५ मिमी रुंद. पंधरा ओळींचे झाले २९२५. म्हणजे सोळावी ओळ १०५ मिमीची कापायची. मी पहिल्या भिंतीशी व्यवस्थित स्पेसर लावले होते, पंधरा ओळी झाल्या, मग पंधराव्या ओळीपासून भिंतीपर्यंत टेप धरला. आलं ११५. मी ११५ कापलं. बरोब्बर बसली. इतकी बरोब्बर, की बसवताना त्या झेड पट्टीने चांगली ठोकावी लागली. नवरा म्हणाला, वा. जुलैत ती ओळ प्लास्टरमध्ये रुतलेली निघाली, प्लास्टरवर तिची कड उमटली होती.

तेव्हा शेवटच्या ओळीचं जे माप येईल त्यातून दहा वजा करा आणि मग पेन्सिल चालवा. वजा केल्याचं कागदावर लिहा. मी या वेळी भिंतीवरच लिहिणार आहे, स्कर्टिंगखाली झाकलं जाईल तिथे.

आपल्याकडे भिंतीला आधीच टाइलचं स्कर्टिंग असतं. फट त्या टाइलपासून मोजायची, भिंतीपासून नाही. आणि खोली कधीच काटकोनी नसते. रुंदी तीन ठिकाणी मोजा. आमची एका टोकाला दुसऱ्यापेक्षा बोटभर कमी भरली. हिशेबात शेवटची ओळ ५ सेंमीपेक्षा अरुंद येत असेल तर पहिली ओळच थोडी कापून सुरू करा.

किती फुगतं असं विचाराल. ढोबळ नियम असा की खोलीच्या दर मीटरमागे दीड मिलिमीटर फट धरावी, आणि लहान खोलीतही ८ मिमीच्या खाली जाऊ नये. तीन मीटरची खोली असली तरी आठ, कारण भिंत वाकडी असते आणि आपला हातही. या फळ्या जमिनीला चिकटवत नाहीत. एकमेकींत अडकवून नुसत्या टाकलेल्या असतात, सगळी मिळून एक मोठी सतरंजी. सतरंजी पसरायला एका बाजूला जरी जागा नसेल तर ती मधूनच वर येणार. तीन बाजू मोकळ्या आणि एका ठिकाणी अडकली, तरीही. खोली आठ-दहा मीटरपेक्षा लांब असेल, किंवा एका खोलीतून दुसरीत सलग नेणार असाल, तर दारात तोडून मध्ये टी पट्टी, म्हणजे सांधा झाकणारी टी आकाराची पट्टी, टाका. भिंतीत अडकवलेलं मोठं फर्निचर, स्वयंपाकाचा ओटा, स्क्रूने पक्कं केलेलं वॉर्डरोब असलं काही या जमिनीवर बसवायचं नाही. ते आधी, जमीन नंतर, आणि त्यांच्याभोवतीही फट. एसीचा किंवा पाण्याचा पाइप जमिनीतून वर येत असेल तर त्याच्याभोवतीचं भोक पाइपापेक्षा वीस मिमी मोठं.

प्रत्यक्ष काम. आधी झाडून, पुसून, पूर्ण वाळू द्या. खाली काँक्रीट किंवा ओलीची शंका असेल तर आधी जाड, २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडाला वीस सेंमी एकावर एक घेऊन टेप, त्यावर फोम. फोमच्या पट्ट्या मात्र कडेला कड, एकावर एक नको. फळ्यांची लांबी खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने ठेवली की सांधे कमी दिसतात. पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणारी बाहेर आलेली कड, कापून टाका. लांब बाजू तिरकी धरून खाचेत घालायची आणि खाली दाबायची, क्लिक ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर काढा, खाचेत भुसा असतो, फुंकर मारा, पुन्हा घाला. जबरदस्ती नको. आडवे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, शेजारच्या ओळीपेक्षा किमान ३० सेंमी पुढेमागे. ओळीच्या शेवटी कापून उरलेल्या तुकड्याने पुढची ओळ सुरू केली की हे आपोआप जमतं, मालही वाचतो. दर दोन-तीन ओळींनी उठून चारी भिंतींचे स्पेसर बघा, पडले असतील, दबले असतील, कुणी खेळायला नेले असतील.

दोघं असलात तर दीड दिवस धरा.

झालं की स्पेसर काढा. सगळे. मोजून. राहिलेला स्पेसर म्हणजे तिथे फट नाहीच, आपणच पाचर ठोकून ठेवल्यासारखं आहे. फटीत भुसा, सिमेंट, कागदाचे बोळे असतील तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. ती रिकामीच राहायला हवी. मग वरून पट्टी, पण पट्टी भिंतीला किंवा जुन्या टाइल स्कर्टिंगला चिकटवायची, जमिनीला नाही. दारातली टी पट्टीसुद्धा खालच्या फरशीला पक्की करायची, फळ्यांना नाही.

बाकीचं भराभर. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. पलंग ओढू नका, उचला. पुसायला पिळून घट्ट केलेलं फडकं, बादलीभर पाण्याने नाही. कामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी समोर उभं राहून सांगा, आणि आठ दिवसांनी परत सांगा. पावसाळ्यात खिडकी उघडी टाकून बाहेर जायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात एकदा सगळ्या खोलीभर अनवाणी फिरून बघा. कुठे दबतंय वाटलं तर लगेच त्या ओळीच्या भिंतीकडची पट्टी काढून फट तपासा, थांबू नका. मी तीन आठवडे थांबले. तेवढ्यात सांध्यांच्या कडा मोडल्या आणि सात फळ्या बदलाव्या लागल्या. पाच शिल्लक होत्या.

उरलेल्या फळ्या माळ्यावर आडव्या ठेवा, उभ्या टेकवल्या तर वाकतात. खोक्यावरचं बॅचचं लेबल कापून त्यांनाच चिकटवा.