नवा राउटर ब्राउझरमधून लावताना: जुन्याचा मॅक पत्ता आधी टिपून घ्या

गोखले रोडवरच्या दुकानात सांगतात, ‘वायर लावा, चालू होईल.’ खोक्यातला कागद अ‍ॅप उतरवायला सांगतो. दोन्ही ऐकू नका. आपल्याकडे केबलवाल्याची फायबर लाइन असेल तर खरं काम वॅनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या, सेटिंगमध्ये असतं, आणि ते लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येच नीट होतं.

जुना राउटर चालू असतानाच त्याचं पान उघडा. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. स्टेटसमध्ये वॅनचा प्रकार, युजरनेम आणि वॅनचा मॅक (त्या पोर्टाचा ओळख क्रमांक) दिसेल. त्याचा फोटो काढून ठेवा. मग तिथेच डिस्कनेक्ट दाबा आणि वायर नव्या राउटरच्या वॅन पोर्टात घाला. लॅपटॉप लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टाला जोडा. नव्याचं पान उघडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठेवा.

आता वॅनचा प्रकार. ‘ऑटो डिटेक्ट’वर विसंबू नका. जुन्या राउटरवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) होतं तर इथेही पीपीपीओईच निवडा. त्याचा पासवर्ड म्हणजे वाय-फायचा पासवर्ड नव्हे, तो केबलवाल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच मागवा. फोनवर ऐकून टाइप केलात की कॅपिटल-स्मॉलचा घोळ होतो.

कासारवडवलीत राहायला आल्यावर माझ्या दोन संध्याकाळी इथेच गेल्या. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी राउटर म्हणे ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’. तीनदा रिसेट केला, दुकानात जाऊन बदलून आणायच्या बेतात होतो. राउटर धडधाकट होता. केबलवाल्याच्या सर्व्हरवर माझ्या खात्याला जुन्या राउटरचा मॅक बांधलेला होता, दुसऱ्या मॅकवरून आलेलं लॉगिन तो स्वीकारतच नव्हता. सगळेच केबलवाले असं करत नाहीत, पण पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं तर पहिला संशय यावरच घ्या. रिसेटने हे कधीही सुटत नाही.

उपाय दोन. फोन करून ‘मॅक रिसेट करा’ म्हणा, हाच उत्तम. रविवारी रात्री फोन कोणी उचलत नसेल, तर वॅनच्या पानावर मॅक क्लोन (दुसऱ्या उपकरणाचा मॅक लावायची सोय) शोधा. तिथे ‘या कॉम्प्युटरचा मॅक वापरा’ असा पर्याय असतो, त्याला हात लावू नका. तो लॅपटॉपचा मॅक उचलतो आणि सर्व्हरला तोही अनोळखीच. कस्टम निवडून फोटोतला वॅनचा मॅक टाका. स्टिकरवरचा मॅक बरेचदा लॅनचा असतो आणि शेवटच्या अक्षरात फरक पडतो. मी आधी तोच टाकून बसलो होतो.

डिस्कनेक्ट न करताच जुना राउटर उपटला असेल, तर त्याचं सेशन सर्व्हरवर काही वेळ जिवंत राहतं आणि एका वेळी एकच लॉगिन चालत असेल तर नव्याला दार बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पुन्हा जोडा.

फायबरची वायर घरात जिथे येते त्या डबीतच पीपीपीओई चालत असेल तर राउटरवर डायनॅमिक आयपी (पत्ता आपोआप मिळणारा प्रकार) ठेवा. डबी आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते भांडतात. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करून टाका.

वाय-फायला नाव द्या, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये शेजाऱ्यांच्या नेटवर्कची भलीमोठी यादी दिसते, म्हणून २.४ गिगाहर्ट्झला चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६, ११ यांपैकी सर्वांत मोकळा. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर.

जुना राउटर भंगारवाल्याला देण्याआधी फॅक्टरी रिसेट करा. तुमच्या खात्याचं युजरनेम आणि पासवर्ड त्यात तसेच असतात.