ब्रँडीसाठी स्टिल बनवून घेताय? या चुका टाळा

नाशकात एखाद्या वाइनवाल्याला ब्रँडी काढायची हुक्की आली, की पहिला फोन अंबड नाहीतर सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेटरला जातो. तयार स्टिलपेक्षा, म्हणजे वाइन तापवून ब्रँडी गाळायच्या भट्टीपेक्षा, त्याने सांगितलेला आकडा बराच कमी असतो, आणि आपल्याकडचे आर्गन वेल्डर हाताला पक्के आहेत. पण तो आकडा बहुतेकदा नुसत्या भांड्याचा असतो. कंडेन्सर (वाफ थंड करून पातळ करणारा भाग), व्हॉल्व्ह, फ्लेमप्रूफ (बाहेरची वाफ पेटू न देणारी) मोटर, वायरिंग हे सगळं धरूनच दोन कोटेशनं शेजारी ठेवा.

परवान्याआधी ऑर्डर देणं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली दारू गाळण्यासाठी विनापरवाना भट्टी बाळगणं हाही गुन्हा आहे, मग ती कितीही देखणी असो. आधी राज्य उत्पादन शुल्क विभाग, मग पत्रा कापणं. उलटं केलंत आणि मांडणी बदलावी लागली, तर वाचलेले पैसे पाइप हलवण्यातच जातात.

लोहचुंबकावर विसंबणं. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४’ (स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड) असं छातीठोक सांगितलं जातं. २०२ ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही! ते स्वस्त असतं, पण वाइनच्या आंबटपणापुढे कमी टिकतं. मिल टेस्ट सर्टिफिकेट (स्टील कारखान्याचा तपासणी दाखला) मागा आणि त्यातला हीट नंबर, म्हणजे त्या घाण्याचा नंबर, पत्र्यावरच्या नंबराशी जुळवा. सगळंच स्टीलचं मात्र नको. वाफेच्या वाटेत तांबं हवंच, गंधकाचा वास तेच धरून ठेवतं. जोडाला शिसं असलेलं सोल्डर तर अजिबात नको.

कंडेन्सर अंदाजाने वळवणं. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. समजा तासाला ४० लिटर माल निघतोय, निम्मा अल्कोहोल, निम्मं पाणी. तो थंड करून बाहेर काढायला जवळपास १९ किलोवॅट उष्णता काढून घ्यावी लागते. पाणी १५ अंशांनी तापू दिलं, तर तासाला सुमारे १,१०० लिटर लागतं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधीच कोमट असतं. ते १० अंशच तापू देता आलं, तर हाच आकडा १,६०० च्या पुढे जातो. थंडीत चाचणी घेऊन पास केलेला कंडेन्सर उन्हाळ्यात वाफ सोडू लागतो तो यामुळेच. माझं मत स्पष्ट आहे: भांडं, स्टँड, पाइपिंग नाशकात बनवा. कंडेन्सर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गणित करून देणाऱ्याकडूनच विकत घ्या. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमतही त्याच वेळी विचारा.

फ्लेमप्रूफऐवजी साधी मोटर बसवणं. तिची ठिणगी वाफ पेटवू शकते. चाळीस टक्क्यांचं स्पिरिटसुद्धा २६ अंशांच्या आसपास पेटण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. छताजवळ एक्झॉस्ट लावून समाधान मानू नका, खालूनही हवा ओढली गेली पाहिजे.

व्हॅक्यूम व्हॉल्व्ह विसरणं. गरम वाफेने धुतलेलं भांडं बंद करून त्यावर गार पाणी सोडलं, की आतली वाफ आक्रसते आणि पातळ पत्रा आत बसतो. प्रेशर आणि व्हॅक्यूम, दोन्हींसाठीचे व्हॉल्व्ह ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या.