‘गोमोरा’ बघायला निघण्यापूर्वी

तिकीट, मोबाइल वगैरे सांगायला नको. चष्मा घ्या. वाचायचा नव्हे, लांबचा. गाडी चालवताना लावता तो. तो गाडीत राहतो म्हणूनच सांगतोय. माझा तसाच राहिला आणि सव्वादोन तास मी नेपल्सच्या लोकांचे हातवारे बघत बसलो.

इटालियनचे क्लास केलेत म्हणून निभेल असं वाटत असेल तर ते सोडा. नेपल्सच्या कामोरा या माफियावरच्या, मात्तेओ गार्रोनेच्या या 2008च्या सिनेमात माणसं नेपल्सच्या बोलीत बोलतात आणि खुद्द इटलीत तो इटालियन सबटायटल्स लावून दाखवला होता. तिथल्यांनाही खाली वाचावं लागलं, तिथे आपली काय कथा! तर, चष्मा.

वेळेच्या आधी पोचा. सुरुवातच कातडी रापवायच्या सलूनमध्ये होते. निळ्या दिव्यांत उघडीबंब माणसं निवांत उभी, एक जण नखं करून घेतोय, आणि धडाधड गोळ्या. कोणी कोणाला का मारलं हे नंतर कोणी बसवून सांगत नाही. म्हणून पोटभर जेवूनही जाऊ नका.

थोडा गृहपाठ मात्र कराच. गोष्टी पाच आहेत आणि शेवटी सगळे धागे जुळतील म्हणून वाट बघाल तर चिडून बाहेर पडाल. किराणा पोचवणारा पोरगा तोतो, विषारी कचरा पुरणाऱ्या धंद्यातले दोघे, शिंपी पास्क्वाले, अल पचिनोची नक्कल करत हिंडणारे मार्को आणि चिरो. शिवाय डॉन चिरो. हो, चिरो दोन आहेत! यातला ‘डॉन’ काही आपल्या सिनेमातला डॉन नव्हे. तुरुंगात गेलेल्यांच्या घरी टोळीचे पैसे पोचवणारा भेदरट कारकुनी माणूस आहे. ही नावं पडद्यावर तळाला येतात आणि जातात. कशाने वाचणार? तेच. आत्ता उठा आणि पाकिटाशेजारी ठेवा, निघताना आठवेल या भरवशावर राहू नका.

रोबेर्तो साव्हियानोचं मूळ पुस्तक 2006चं. ते लिहिल्यापायी तो त्याच वर्षापासून पोलीस बंदोबस्तात राहतोय. वाचलंत तर उत्तम, नाहीतर एवढं माहीत असलं तरी पुरे.

फिल्म सोसायटीच्या हॉलला उतार असेलच असं नाही, आणि पुढच्याचं डोकं नेमकं सबटायटलची ओळ खातं. कडेची खुर्ची धरा. मध्यंतर नसतं, तेव्हा चहा नंतर. ‘हा कोण? हा मघाचाच का?’ विचारणाऱ्याला सोबत नेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

एसीसाठी स्वेटर. परतीच्या रिक्षाचं आधी बघा, सुटल्यावर एकदम झुंबड उडते.